वाकायचं ते खुब्यातून: कमरेच्या बळकटीसाठी रोजचा वीस मिनिटांचा क्रम

घरात जाळी काढायची किंवा फरशी पुसायची लांब काठी असेल, ती घ्या. सरळ उभे राहा आणि काठी पाठीला उभी लावा. एक हात मानेमागून काठी धरेल, दुसरा कमरेमागून. काठी तीन ठिकाणी टेकली पाहिजे: डोक्याची मागची बाजू, दोन खवाट्यांच्या मधली जागा आणि माकडहाडाच्या जरा वर. आता समोर पडलेला रुमाल उचलायचा आहे असं समजून सावकाश पुढे वाका.

काठी खालच्या टोकाला सुटली, तर तुम्ही कमरेतून वाकलात. ती तिन्ही ठिकाणी टेकून राहिली आणि नितंब मागे सरकले, तर खुब्यातून वाकलात.

मी तालुक्याच्या गावात फिजिओथेरपीचं काम करते. कंबर धरून आलेल्या प्रत्येक माणसाची पहिल्या दिवशी मी ही चाचणी घेते, आणि बहुतेकांची काठी सुटते. त्यात किराणा दुकानात पोती उचलणारे असतात, भातलावणीवरून आलेल्या बाया असतात, दिवसभर बँकेच्या काउंटरमागे बसणारेही असतात. कामं वेगळी, वाकायची सवय एकच. म्हणून खालचे व्यायाम वाचताना ही काठी हाताशी असू द्या, ती पुन्हा लागणार आहे.

कंबर नेमकं काय काम करते

कमरेच्या भागात पाच मणके असतात, त्यांच्यामध्ये चकत्या. खुबा हा उखळीत गोळा बसवावा तसा सांधा आहे. भरपूर वळावं, वाकावं म्हणूनच तो तसा घडला आहे आणि त्याच्याभोवती शरीरातले सर्वांत दांडगे स्नायू आहेत. कमरेचे मणकेही वाकतात, वाकायलाच हवेत. लेकराला उचलताना, बुटाची नाडी बांधताना थोडी कंबर वाकली म्हणून काही बिघडत नाही. बिघडतं ते ओझं हातात असताना, पुन्हा पुन्हा, दिवसातून शेकडो वेळा खुब्याचं काम कमरेवर टाकल्याने.

मणक्यांना चिकटून, अगदी खोलवर, मल्टिफिडस नावाचे आखूड स्नायू असतात. प्रत्येक मणका जागच्या जागी धरून ठेवणं हे त्यांचं काम. ऑस्ट्रेलियातल्या संशोधक ज्युली हाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं, की पहिल्यांदा कंबर दुखून बरी झाली तरी दुखऱ्या बाजूचा हा स्नायू आपोआप पूर्ववत होत नाही. दुखणं गेलेलं असतं, पण स्नायू बारीकच राहिलेला असतो. नेमका व्यायाम दिला तेव्हा तो भरून आला. ‘मागच्या वर्षी उसण भरली होती, आठवड्यात बरी झाली, आता पुन्हा तेच’ असं सांगणारी माणसं मला दर महिन्याला भेटतात. दुखणं थांबल्यावर व्यायाम सुरू करायचा असतो, आणि नेमकं तेव्हाच सगळे तो सोडून देतात.

कमरेच्या स्नायूंना ताकदीपेक्षा टिकून राहण्याची क्षमता जास्त लागते. पोतं एकदा उचलण्याचा जोर बहुतेकांकडे असतो. संध्याकाळी थकल्यावर पाचवं पोतं उचलताना पाठ सरळ धरून ठेवण्याचा दम नसतो. म्हणून खालचे व्यायाम वजनं उचलण्याचे नाहीत. काही सेकंद स्थिर धरायचं, सोडायचं, पुन्हा धरायचं.

आधी डॉक्टरांकडे कोणी जायचं

हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. जांघेत, गुदद्वाराभोवती किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला असेल, लघवी अडत असेल किंवा कळत न कळत होत असेल, शौचावरचा ताबा गेला असेल, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. नसांचा झुबका दाबला गेल्याची ही खूण आहे आणि त्यात तास मोलाचे असतात. पाय लुळा पडत चालला असेल, चालताना चप्पल पायातून निसटत असेल, तरीही थांबू नका.

पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेलं दुखणं, रात्री झोपेतून उठवणारं आणि कुठल्याच कुशीवर कमी न होणारं दुखणं, सोबत ताप किंवा घटतं वजन, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असणं, साठीनंतर साध्या धक्क्याने आलेली तीव्र कळ: यातलं काहीही असेल तर आधी तपासणी. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजून दिसतो. कंबरदुखीसोबत संध्याकाळचा बारीक ताप आणि रात्री घाम येत असेल, तर शेक घेत घरी बसू नका. गरोदर बायांनी आणि नुकतं ऑपरेशन झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच सुरुवात करावी.

‘मणक्यात गॅप आलाय’ असं सांगितलेल्यांसाठी इथे दोन शब्द. हा शब्द ऐकून माणसं वाकायला, चालायला, नातवंडाला उचलायला घाबरतात. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के, पन्नाशीतल्या ८० टक्के आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या आढळल्या. केस पांढरे व्हावेत तशी ही झीज. एमआरआयच्या कागदावर ती लिहिलेली आहे एवढ्यावरून व्यायाम बंद करायचं कारण नाही.

कधी आणि कुठे

अंथरुणातून उठल्या उठल्या करू नका. रात्रभर आडवं पडल्यावर चकत्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जास्त असते ती यामुळेच. अशा ताठलेल्या चकतीवर वाकण्याचा ताण जास्त पडतो. उठल्यापासून तासभर खोल वाकणं टाळा: चहा घ्या, घरात फिरा, मग सतरंजी घाला.

पहाटे सूर्यनमस्कार घालणाऱ्यांना मी नेहमी सांगते: नमस्कार सोडू नका, वेळ तासाभराने पुढे न्या. हात जमिनीला टेकवायच्या स्थितीत मांडीमागच्या शिरा ताठ असतील तर गुडघे खुशाल वाकवा. गुडघे सरळ ठेवायच्या हट्टापायी सगळा वाक कमरेवर येतो.

जागा म्हणजे जमीन. पलंगावरची गादी दबते आणि कणा कुठे आहे हे कळतच नाही. सतरंजीवर एक घोंगडी अंथरली की गुडघ्यांना टोचत नाही. जेवून दोन-अडीच तास झालेले असावेत.

आणखी एक गोष्ट आधी शिकून घ्या: पोट आवळणं. पोट आत ओढायचं नाही. कुणी गंमतीने पोटात गुद्दा मारायला आलं की पोट जसं चहूबाजूंनी घट्ट होतं, तसं. बोटं बरगड्यांच्या खाली, कुशीत रोवून बघा, ती हलकेच बाहेर ढकलली गेली पाहिजेत. फार जोर नको, आणि श्वास चालू राहिला पाहिजे. पोट आवळून एक ते वीस अंक मोठ्याने म्हणता आले, तर जमलं. खालच्या प्रत्येक व्यायामात हेच करायचं आहे.

रोजचा क्रम

सुरुवात मांजर-उंटाने. हात आणि गुडघ्यांवर या. श्वास सोडत पाठ मांजरीसारखी वर काढा, श्वास घेत हळूच खाली सोडा. सहा ते आठ वेळा, बस. हा ताणायचा व्यायाम नाही, कुठल्याच टोकाला रेटू नका. गंजलेल्या बिजागरीत तेल घालावं तेवढंच याचं काम.

पुढचे तीन व्यायाम कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल यांनी निवडलेले आहेत. पोट, कूस आणि पाठ असे कण्याच्या भोवतीचे सगळ्या बाजूंचे स्नायू यात काम करतात, आणि मणक्यांवर दाब मात्र कमीत कमी येतो.

पहिला, डोकं उचलणं. दिसायला एवढा साधा, की लोक तो चुकीचाच करतात.

१. उताणे झोपा. एक पाय सरळ, दुसऱ्याचा गुडघा दुमडून तळवा जमिनीवर.
२. दोन्ही हातांचे पंजे, तळवे खाली करून, कमरेखालच्या पोकळीत सरकवा. ही पोकळी शेवटपर्यंत टिकली पाहिजे. कंबर जमिनीवर दाबू नका.
३. पोट आवळा. डोकं, मान आणि खांदे एकाच फळीसारखे जमिनीपासून जरासे उचला. डोक्याखालून वहीचं पान सरकेल एवढंच. हनुवटी छातीकडे ओढू नका, नजर छताकडे.
४. आठ सेकंद धरा, श्वास चालू ठेवा, खाली या.

अर्ध्या वेळा झाल्यावर पाय बदला. मान दुखत असेल तर जीभ टाळूला दाबून बघा. तरी दुखली, तर डोकं न उचलता नुसता उचलायचा प्रयत्न करून धरा. सुरुवातीला तेवढंही पुरतं.

दुसरा, कुशीवरचा. एका कुशीवर या, कोपर खांद्याच्या बरोबर खाली, दोन्ही गुडघे काटकोनात दुमडलेले. पोट आवळून नितंब उचला. गुडघ्यापासून खांद्यापर्यंत एक सरळ रेघ झाली पाहिजे. वरचा हात विरुद्ध खांद्यावर ठेवला की आधार मिळतो. आठ ते दहा सेकंद धरा आणि खाली या. दोन्ही कुशींवर सारख्याच वेळा. एक बाजू जास्त थरथरते असं जवळजवळ प्रत्येकाला जाणवतं. त्या बाजूला एकदा जास्त करा. खांदा दुखणाऱ्यांनी हाच व्यायाम उभ्याने, कोपर भिंतीला टेकवून आणि पाय भिंतीपासून दोन फूट लांब ठेवून करावा. गुडघ्यांवरचा सहज जमू लागला, की पाय सरळ करून पावलांवर.

तिसरा, विरुद्ध हात-पाय. मला एकच व्यायाम सांगायची मुभा असती तर मी हा सांगितला असता. पुन्हा हात आणि गुडघ्यांवर या. उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे सरळ करा. पाय नितंबाच्या उंचीपेक्षा वर नको, टाच मागच्या भिंतीला ढकलतोय असं समजा. हाताची मूठ वळा. आठ सेकंद. मग हात आणि गुडघा जमिनीवरून हलकेच फिरवून पुन्हा तसेच सरळ करा, सगळ्या वेळा झाल्या की बाजू बदला. कमरेवर पाण्याने भरलेलं पातेलं ठेवलंय आणि थेंबही सांडायचा नाही, असं मनात धरा. पातेलं एका बाजूला कलंडतंय असं वाटलं, तर फक्त पाय सरळ करा, हात जमिनीवरच राहू दे. आठवडाभराने हात जोडा.

या तिघांसाठी मोजणी अशी: आधी सहा वेळा, अर्धा मिनिट थांबून चार वेळा, पुन्हा थांबून दोन वेळा. वेळा उतरत्या ठेवतात कारण थकल्यावर पाठ वाकडी होते, आणि वाकड्या पाठीने केलेला व्यायाम चुकीचीच सवय लावतो. दम वाढला की वेळा वाढवा, आठ-सहा-चार करा. धरायचे सेकंद दहाच्या पुढे नेऊ नका.

चौथा, पूल. योगासनं करणारे याला सेतुबंधासन म्हणतील, फरक इतकाच की इथे छाती फार वर न्यायची नाही. उताणे झोपून गुडघे दुमडा, टाचा नितंबांपासून वीतभर अंतरावर. आधी नितंब आवळा, मग उचला. गुडघे, नितंब, खांदे एका रेषेत आले की थांबा. पाच सेकंद धरून खाली, असं दहा वेळा. मांडीच्या मागे वांब येत असेल तर टाचा आणखी जवळ घ्या. कमरेत ताण जाणवला, तर तुम्ही फार वर गेलात. खुर्चीवर वर्षानुवर्षं बसणाऱ्यांचे नितंबाचे स्नायू काम विसरलेले असतात, आणि त्यांचं काम मग कंबर करत राहते. हा व्यायाम त्यांना कामावर परत बोलावतो.

पाचव्याला काठी. सुरुवातीची चाचणीच आता व्यायाम म्हणून. भिंतीकडे पाठ करून एक पाऊल पुढे उभे राहा, काठी तीन ठिकाणी टेकवा, गुडघे जरासे सैल करा आणि नितंबांनी मागची भिंत शोधा. भिंत लागली की टाचा जमिनीत रोवून उभे राहा. दहा वेळा. सोपं झालं की अर्धं पाऊल आणखी पुढे. दोन-तीन आठवड्यांत काठी सुटेनाशी होते, मग ती काढून हातात पाण्याची बाटली घ्या, पुढे बादली.

हे सगळं करायला वीस मिनिटं लागतात. व्यायाम करताना स्नायू थकल्यासारखे वाटणं, दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखणं ठीक आहे. कळ पायात उतरली, मुंग्या वाढल्या, तर तो व्यायाम त्या दिवशी थांबवा. उलट पायातली कळ वर सरकून कमरेत आली, तर ते सुधारत असल्याचं लक्षण आहे, घाबरू नका.

चालणं

याला मी वेगळी जागा देते, कारण लोक याला व्यायामच मानत नाहीत. ऑस्ट्रेलियात कंबरदुखीतून नुकत्याच सावरलेल्या ७०१ जणांवर एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०२४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आले. एका गटाला हळूहळू वाढवत, आठवड्यातून पाच वेळा अर्धा तास चालण्यापर्यंत नेलं आणि सोबत मार्गदर्शन दिलं. त्या गटातल्या निम्म्या लोकांचं दुखणं परत यायला २०८ दिवस लागले, असं काही न दिलेल्या दुसऱ्या गटात ११२. चालायला जिम लागत नाही, फी लागत नाही. हात खांद्यातून मोकळे हलवत, जरा लगबगीने चाला. दुकानांच्या काचा बघत रेंगाळत चाललं की कंबर उलट भरून येते. अर्धा तास सलग झेपत नसेल तर दहा-दहा मिनिटं तीनदा.

घरातली आणि शेतातली ओझी

भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. तो उचलून नेऊ नका. जरासा कलता करून तळाच्या कडेवर फिरवत न्या. उचलणं भागच असेल तर दोघांनी. पाण्याचा वीस लिटरचा जार पायांच्या मध्ये घ्या, खुब्यातून वाका, जार पोटाशी आणा आणि मगच उठा. हातभर लांब धरलेल्या ओझ्याचा कमरेवरचा ताण पोटाशी धरलेल्या त्याच ओझ्याच्या कितीतरी पट असतो. वळायचं असेल तर पावलं वळवा. कंबर पिळून बाजूला ठेवताना भरलेली उसण मी सर्वांत जास्त पाहिली आहे.

खराट्याचा दांडा लांब असू द्या. आंघोळीच्या बादलीखाली पाट ठेवला तरी तांब्यागणिक पडणारा वाक कमी होतो. वाहनातून उतरल्यावर लगेच सामान उचलू नका. पुणे-नाशिकसारखा चार-पाच तासांचा प्रवास करून उतरलात, की आधी पाच मिनिटं फिरा, मग डिकी उघडा.

भातलावणीच्या बायांना ‘वाकू नका’ म्हणण्यात अर्थ नाही, चिखलात रोप वाकूनच लावावं लागतं. त्यांना मी दोन गोष्टी सांगते. पाय जास्त फाकवा आणि गुडघे सैल ठेवा, म्हणजे वाक खुब्यात येतो. आणि प्रत्येक पेंढी संपली की उभ्या राहा, हात कमरेवर ठेवून तीन श्वास घ्या. मुकादम किंवा शेजारीण घाई करत असली तरी ते तीन श्वास सोडू नका. शेवटच्या वाफ्यापर्यंत कंबर टिकते ती त्यांच्यावर.

बसून काम करणाऱ्यांनी अर्ध्या तासाने उठावं. उठून दोन्ही हात वर ताणा आणि दोन श्वास घ्या, एवढं पुरतं.

हे करू नका

उताणे झोपून पाय सरळ ठेवत पूर्ण उठून बसणं, उभ्याने झटके देत पायाची बोटं धरणं, पोटावर झोपून हात-पाय दोन्ही एकदम उचलणं. तिन्ही शाळेच्या मैदानापासून आपल्या ओळखीचे, तिन्हींत कमरेवर खूप दाब येतो. दुखत्या कमरेला ते नकोत. शलभासन आवडत असेल तर एका वेळी एकच पाय उचला. कंबरपट्टा लांबच्या प्रवासात, फार दुखत असलेल्या दिवशी चालेल. तो रोज बांधला तर स्नायूंचं काम पट्टाच करू लागतो.

उसण भरलीच तर

क्रम नियमित असला तरी एखाद्या दिवशी कंबर धरू शकते. तेव्हा जमिनीवर उताणे झोपा आणि पोटऱ्या खुर्चीवर ठेवा, खुबे आणि गुडघे काटकोनात. दहा मिनिटांत कळ बरीच उतरते. शेकाने बरं वाटत असेल तर घ्या. मात्र अंथरूण धरू नका. अमेरिकेत १९८६ मध्ये झालेल्या अभ्यासात दोन दिवस विश्रांती घेतलेले आणि सात दिवस घेतलेले रुग्ण सारखेच बरे झाले, फक्त दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे कमी झाले. आता तर जमेल तितकं हिंडतं-फिरतं राहा असंच सांगितलं जातं. दर तासाला घरातल्या घरात एक-दोन मिनिटं चाला. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांजर-उंट, अगदी थोड्या हालचालीचं. चौथ्या दिवसापासून विरुद्ध हात-पाय, आधी फक्त पाय, दोन-दोन वेळा. आठवड्याने पूल. सहा-चार-दोनवर परत यायला दोन-तीन आठवडे लागले तर लागू द्या. सहा आठवड्यांतही फरक नसेल तर कुणाकडून तरी प्रत्यक्ष तपासून घ्या, आणि जाताना काठी सोबत न्या. तुम्ही कसे वाकता हे तपासणाऱ्याला दाखवलंत, तर निम्मी हकिकत न सांगताच कळते.